एका भिंतीची दोन घरं

माझी आजी ओटिलिया मेहरर हिला आमच्या भागातले लोक माणूसघाणी म्हणतात. ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी म्हणतात. परवा प्रार्थना आटोपल्यावर पाद्र्याची बायको माझ्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या आजीला माणसंच नको होती हो, म्हणून तर तिकडं उजाड माळावर जाऊन राहिली." मी म्हटलं, "बाई गं, तू तिला कधी पाहिलंयस तरी का?" गप्प बसली. पण असल्या लोकांना नुसतं गप्प बसवून भागत नाही, म्हणून सगळं सांगते. हे मी माझ्या आईकडून ऐकलं. आई उगाच तिखटमीठ लावणारी बाई नव्हती, आणि या भानगडीत तर ती स्वतः साक्षीला उभी राहिली होती.

माणूसघाणी म्हणे! आजीला एकटं राहवतच नसे मुळी. ती रशियातल्या गवताळ मुलखातली, ओडेसाकडची. तिकडं आमची जर्मन माणसं गाव करून राहायची. एक लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना चुन्यानं पांढरी केलेली घरं, आणि शेतं गावाबाहेर. दार उघडलं की समोरच्या दारात कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेलं असायचं. आजीचे आईबाप ती लहान असतानाच गेले, आणि तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या घरी कामाला. मालकिणीचा हात चालायचा. "मारायची त्याचं काही नाही," आजी सांगायची, "पण मारून झालं की म्हणायची, रडायचं असेल तर गोठ्यात जाऊन रड, इथं नको." त्या गोठ्यात आजीनं मनाशी एक गाठ बांधली. माझ्या पोटची पोर परक्याच्या घरी राबणार नाही. बाकी देवाला काय करायचं ते करू दे.

पुढं याकोब मेहररशी तिचं लग्न झालं. तोच सुमार होता झारचे लोक आमची पोरं फौजेत ओढायला लागले त्याचा. अमेरिकेत जमीन फुकट मिळते अशी आवई उठली आणि घरंच्या घरं निघाली. याकोब, त्याचा थोरला भाऊ गॉटलीब, गॉटलीबची बायको सालोमे, त्यांचा मुलगा एमॅन्युएल, आणि आजी कडेवर दोन मुलगे नि हाताला धरलेली रेगिना घेऊन. ही रेगिना म्हणजे माझी आई. पाच वर्षांची होती ती डकोटात उतरली तेव्हा.

जमीन फुकट होती खरी. पण कायदा असा, की जिच्यावर हक्क सांगायचा त्याच जमिनीवर घर बांधायचं आणि पाच वर्षं तिथंच राहायचं. मग दोन साक्षीदार घेऊन कचेरीत जायचं, ते शपथेवर सांगणार की हो, हे माणूस इथंच राहिलं, आणि मग कागद हातात. आता एकेकाला जमीन एवढी मोठी, की प्रत्येक जण आपापल्या जमिनीच्या मध्ये राहिला तर शेजाऱ्याची हाकसुद्धा ऐकू येऊ नये. आमच्या बायकांचे इथंच हाल झाले. झाड नाही, टेकडी नाही, चोवीस तास वारा. पहिल्या रात्री आजी गाडीखाली पडून ढसाढसा रडली. याकोबला म्हणाली, "तुम्ही कुठंही बांधा घर, पण भिंतीच्या पलीकडं मला माणूस पाहिजे. नाहीतर मला परत नेऊन सोडा."

"वेडी आहेस का? ओहोळ पलीकडच्या टोकाला आहे. घर पाण्याजवळ बांधायचं सोडून—"

"पाणी मी डोक्यावरून आणीन. ओहोळ काय बोलणारे माझ्याशी?"

सालोमेनंही तिचीच री ओढली, तेव्हा पुरुष नमले. दोघा भावांच्या जमिनी शेजारीशेजारी होत्या, पूर्वेची गॉटलीबची, पश्चिमेची याकोबची. ठरलं असं, की बरोब्बर हद्दीवर एकच लांब घर बांधायचं आणि मधली भिंत हद्दीच्या रेषेवर घालायची. म्हणजे प्रत्येक जण झोपणार आपापल्या जमिनीवर. कायद्याचंही समाधान आणि बायकांचंही. आमच्या लोकांखेरीज कुणाच्या डोक्यात असलं काही आलं नसतं. आणि आलं नसतं तर बरं झालं असतं.

आता हद्द कुठली? सरकारी मोजणीच्या खुंट्या होत्या, पण मधल्या काळात वणवा लागून त्या भागातल्या जळून गेलेल्या. गावातला एक माणूस पैसे घेऊन जमिनी दाखवायचा. त्यानं आपल्या गाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधली. चिंधी वर आली की एक फेरा, अशी मोजत तो माहीत असलेल्या खुंटीपासून निघाला. त्याला आमची भाषा येत नव्हती आणि आमच्यांना त्याची. गॉटलीब शेजारी बसून त्याला बाटलीतली दारू पाजत होता, पाहुण्याचा मान म्हणून. एका चपट्या दगडापाशी गाडी थांबली. हे इथं, असं त्यानं हातानं दाखवलं. किती फेरे झाले ते त्याला माहीत आणि त्या दारूला माहीत.

हद्द ठरली की आमच्यात एक रीत असते. एखाद्या लहान पोराला त्या जागी उभं करायचं आणि सणसणीत कानाखाली द्यायची. म्हणजे ती जागा त्याला जन्मभर विसरत नाही, आणि म्हातारपणीसुद्धा तो सांगू शकतो. एमॅन्युएल दात काढत म्हणाला, "मला मारा की." गॉटलीब म्हणाला, "तू सोळाचा घोडा. ज्याला अजून पुष्कळ वर्षं लक्षात ठेवायचंय त्याला मारतात." म्हणून माझ्या आईला दगडावर उभी केली, गॉटलीबनं तिचे खांदे धरले, आणि याकोबनं, ज्यानं तिला कधी बोटही लावलं नव्हतं त्यानं, तिच्या कानाखाली वाजवली. मग लगेच उचलून तिचे मुके घेतले. आई सांगायची, बापाचा चेहरा मला फारसा आठवत नाही, पण तो दगड आठवतो.

माती आणि गवत तुडवून विटा पाडल्या, घर उभं राहिलं, शेणानं सारवलं, चुना दिला. पहिली तीन वर्षं चांगली गेली, निदान आजी तरी चांगलीच म्हणायची. भिंत इतकी पातळ, की दोन्हीकडच्या बायका चुलीपाशी बसून भिंतीतून गप्पा मारायच्या. हिवाळ्यात गोवऱ्या जाळायच्या, कणकेच्या गोळ्या उकडायच्या, खारवलेलं कलिंगड खायचं. गॉटलीब रविवारी पुस्तक उघडून दोन्ही घरांची प्रार्थना घ्यायचा. मोठा देवमाणूस!

चौथ्या हिवाळ्यात घटसर्प आला. आजीचे दोन्ही मुलगे एका आठवड्यात गेले. सालोमेच्या घरात शिरलासुद्धा नाही. याकोबच्या जमिनीतच पश्चिमेकडं एक उंचवटा होता, तिथं त्यांना पुरलं. पुढच्या उन्हाळ्यात याकोब दुसरी विहीर खणायला खाली उतरला, खाली कोंडलेली विषारी हवा होती, वर आला तो मेलेलाच. त्यालाही त्याच उंचवट्यावर पोरांशेजारी ठेवलं. आजी तेव्हा तिशीतही नव्हती. राहिली ती आणि रेगी.

आमच्यात विधवा बाई फार दिवस तशी राहत नाही. माती वाळायच्या आत स्थळं येतात. गॉटलीबनंच काढलं, "ओटिलिया, बोनेटची बायको गेलीय. पाच पोरं आहेत, शेत आहे, माणूस गरीब स्वभावाचा. लोकांत नाव निघण्याआधी उरकून टाकू."

"मला नवरा नको, भावोजी. कायद्यानं विधवेला नवऱ्याची पाच वर्षं पुरी करता येतात. थोडंच राहिलंय."

"बाईमाणूस एकटी शेत करणार?"

"आजवर कोण करत होतं? तुमच्या भावाला विहिरीचं वेड होतं, नांगर मीच धरत होते."

"बोनेटचं चांगलं चाललंय."

"चालू दे. तिथं गेले तर माझी रेगी त्याच्या पाच पोरांची ढुंगणं धुवेल. हिच्या बापाची जमीन असताना मी हिला मोलकरीण करू?"

गॉटलीबनं तेवढ्यावर विषय सोडला. पण त्या जमिनीतच खरी मेख होती. एमॅन्युएल वर्षभरात एकविसाचा, म्हणजे दावा लावण्याच्या वयाचा होणार होता, त्याला स्वतःची जमीन हवी होती, आणि आसपासची सगळी चांगली जमीन लोकांनी घेऊन झाली होती.

त्याच उन्हाळ्यात रस्ता आखायला सरकारी मोजणीदार आले. त्यांनी साखळ्या टाकल्या, गवताखाली खणलं, आणि जुनी जळकी खुंटी सापडली. ती चपट्या दगडापाशी नव्हती. दगडाच्या पश्चिमेला, पार आजीच्या बटाट्याच्या वाफ्यांच्या पलीकडं होती. म्हणजे खरी हद्द तिथं, आणि ते सगळं लांब घर, दोन्ही बिऱ्हाडांसकट, गॉटलीबच्या जमिनीवर. आजी त्या दिवशी गवत कापायला लांब गेली होती. मोजणीदारांना गॉटलीबनं सावलीत बसवून जेवू घातलं, खुंटी नीट पाहून घेतली, आणि मूग गिळून बसला. पुढचे दहा-अकरा महिने तो रोज तिला "काय गं, बरी आहेस ना" विचारायचा, तिच्यासाठी रविवारी देवाकडं मागायचा, आणि तोंडातून अवाक्षर नाही. तेव्हा सांगितलं असतं तर भल्या बाईनं घर पाडून चार विटा उचलून पलीकडं नेल्या असत्या! मला अजून विचार आला की हातापायाची आग होते.

पाच वर्षं भरली. आजीनं काळा रुमाल बांधला, रेगीची वेणी घातली, आणि साक्षीदार म्हणून कुणाला घेतलं असेल? थोरल्या दिराला. घरचा माणूस, प्रार्थना घेणारा! दुसरा साक्षीदार बोनेट. कचेरीतल्या साहेबानं दुभाष्याकरवी गॉटलीबला विचारलं, "ही बाई पाच वर्षं स्वतःच्या जमिनीवर राहिली?"

गॉटलीब टोपी हातात धरून म्हणाला, "मी शपथ घेतलीय, खोटं बोलणार नाही. राहिली, पण माझ्या जमिनीवर. आणि ही जी जमीन मागतेय तिच्यावर माझा मुलगा हक्क सांगतोय."

आजीला आधी वाटलं दुभाष्याचं काही चुकतंय. पण गॉटलीब तर जर्मनमध्येच बोलला होता. ती हसली म्हणे. "भावोजी, असं काय बोलताय? साहेब, यांना बरं नाही. हद्द ठरवताना हे स्वतः होते. माझ्या मुलीला विचारा. तिला त्या जागेवर मारलंय."

साहेबाला काही कळेना. दुभाष्यानं रीत समजावून सांगितली. मग दहा वर्षांच्या माझ्या आईला टेबलाशी उभी केली. आई म्हणायची, मला वाटत होतं की आता सगळं माझ्यावर आहे, मी नीट सांगितलं की आपली जमीन वाचली. तिनं छाती पुढं काढून सांगितलं: चपटा दगड, त्याच्या एका कडेला टवका उडालेला, तिथून मधली भिंत सरळ रेषेत, आमचं दार दगडाच्या पश्चिमेला, दगडापासून आमच्या बटाट्यांपर्यंत सगळं आमचं. काकांनी माझे खांदे धरले होते. काहीएक चुकलं नाही. साहेबानं मोजणीदारांचा नवा नकाशा उघडला. त्यावर तो दगडही दाखवला होता आणि खुंटीही. त्यानं दगडावर बोट ठेवलं, मग खुंटीवर, आणि मान हलवली. पोरीनं आपल्याच तोंडानं घर गॉटलीबच्या हद्दीत नेऊन ठेवलं होतं.

साहेब वाईट नव्हता. त्यानं विचारलं, "बाई, या खुंटीच्या पलीकडं, खरोखर तुमची म्हणतात त्या जमिनीवर तुमच्यापैकी कुणी कधी राहिलं आहे का? एखादी झोपडी, काही?"

आजी म्हणाली, "माझा नवरा राहतो. आणि माझे दोन मुलगे. जाऊन बघा, एक रात्रसुद्धा दुसरीकडं गेलेले नाहीत."

दुभाष्यानं ते भाषांतर करायला बराच वेळ घेतला. साहेबानं लेखणी खाली ठेवली, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि मग लिहिलं की दावा नामंजूर. पुढं शहाणी माणसं सांगायची, वर अर्ज केला असता तर नक्की जिंकली असती, असल्या चुका सरकार माफ करतं. सांगायची हो सगळी! पण वीस वर्षांनी. तेव्हा तिथं उभ्या असलेल्यांपैकी एकाच्याही तोंडातून ते निघालं नाही. बोनेट बिचारा नुसता घाम पुसत होता.

दुसऱ्या दिवशी सालोमे गरम पाव घेऊन दारात आली. डोळे सुजलेले. "ओटिलिया, देवाशप्पथ, मला परवापर्यंत काही माहीत नव्हतं."

"जाऊबाई, आपली भिंत एकच आहे. तुमच्याकडं कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतं. अख्खं वर्ष तुम्ही त्या बाजूला कुजबुजत होता, मला वाटायचं नवराबायकोचं काही असेल, म्हणून मी कान बंद करायची."

सालोमे रडायला लागली. मागून गॉटलीब आला. त्याला वाटत होतं आपण फार मोठं मन दाखवतोय. "घर तुझंच समज. तुला कोण जा म्हणतंय? मरेपर्यंत राहा. एमॅन्युएलचं लग्न होईल, कामाला माणसं लागतीलच. रेगी सालोमेच्या हाताखाली तयार होईल."

झालं. जी एक गोष्ट टाळायला ती बाई समुद्र ओलांडून आली, तीच त्यानं दारात आणून ठेवली, वर उपकार म्हणून. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आजीनं पाव सालोमेच्या हातात परत दिला आणि त्याच आठवड्यात बैलगाडी भरली. निघताना ती उंचवट्यावर गेली. आईला वाटलं रडेल. ती नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला सोबत नेता येत नाही मला."

विधवेला स्वतःच्या नावानं नवा दावा लावता येत होता. पण उरली होती ती पार लांब पश्चिमेकडची जमीन, दगडगोट्यांची, जिथं कुणी जात नव्हतं. तीच तिनं घेतली. आणि घर बांधलं ते जमिनीच्या अगदी मधोमध. चारी दिशांना कुणाचं छप्पर नाही. एकटीला झोप यायची नाही, वारा सुटला की ती चुलीपुढं बसून राहायची. पण मध्यापासून हात-दोन हातसुद्धा घर सरकवायला तयार नव्हती.

पहिल्याच वर्षी गारांनी पीक झोपवलं. बी नाही, एक बैल मेला. हे सांगताना माझ्या आईचा आवाज नेहमी खाली यायचा. शहरात एका दुकानदाराच्या घरी मुलगी हवी होती, धुणंभांडी, पोरं सांभाळणं. महिन्याला रोख पैसे. आजीनं तीन आठवडे नाही म्हटलं. मग एक दिवस रेगीला जवळ बसवून म्हणाली, "एकच हिवाळा. वसंतात बी घेतलं की मी येते तुला न्यायला. एकच हिवाळा, रेगे."

वसंतात बी आलं, आणि उन्हाळ्यात पाऊस आला नाही. मग आणखी एक हिवाळा. मग नांगराचा फाळ. मग आणखी एक. दर वेळी तेच, की आत्ता सोडलं तर आजवरचं सगळं फुकट जाईल. आई नाताळला दोन दिवस घरी यायची. तिसऱ्या नाताळला तिच्या लक्षात आलं की आजीचा आवाज घोगरा झालाय. विचारलं, सर्दी झालीय का? आजी म्हणाली, "नाही गं. तुझ्याशीच बोलतेय बऱ्याच दिवसांनी."

पाच वर्षं पुरी झाली. साक्षीला दोघं जण पाहिजेत, आणि तिथं तर चिटपाखरू नव्हतं. एक गुराखी मिळाला. दुसरा बोनेट आला, एवढ्या लांबून, न बोलावता. त्यानं तोवर दुसरी बायको केली होती. शपथ घेऊन म्हणाला, "माझी गुरं उन्हाळ्यात तिकडं चरायला जातात, हिवाळ्यात मी लाकडाला जातो. जेव्हा गेलो तेव्हा हिच्या घरातून धूर निघत होता. धूर दिसला नाही असं कधी झालं नाही." कागद मिळाला. त्यावर ओटिलिया मेहरर, विधवा, असं नाव. आजीनं तो घडी करून पोटाशी ठेवला. बोनेटनं दोघींना गाडीतून घरी सोडलं आणि म्हणाला, पोरीला उद्या परत न्यायचं असेल तर दुपारी येतो.

"कशाला परत?" आजी म्हणाली.

आत तिनं एक खोली काढली होती. ताजा चुना, पिसांची गादी, खिडकीला पडदा. तिथं उभी राहून ती बोलायला लागली, आणि थांबेचना. इथं तुझी पेटी ठेव, इथून सकाळचं ऊन येतं, कोंबड्या तुझ्या, त्यांचे पैसे तुझे. आता कुणाच्या घरी राबायला नको, रेगे. सुटलीस.

माझी आई तेव्हा सोळा वर्षांची होती. हात धुण्याच्या सोड्यानं भेगाळलेले. शहरात तिच्या ओळखी झाल्या होत्या, ज्याच्याशी पुढं लग्न झालं तो माझा बाप, सुतार, तोही तिथलाच. खिडकीतून तिनं बाहेर बघितलं. काही नव्हतं. ती म्हणाली, "आई, मला इथं नाही राहता यायचं. दोन दिवसांत माझा जीव गुदमरतो."

"पण हे सगळं तुझ्यासाठी केलं. तू परक्याकडं राबू नयेस म्हणून."

"राबले की, आई. चार वर्षं. मालकीण मारायचीसुद्धा. तुला सांगितलं नाही इतकंच."

आजी गादीच्या कडेवर बसली. झग्याला हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. मग म्हणाली, "मग मी काय केलं गं एवढी वर्षं?" सत्तरीत आली तरी आईच्या डोक्यातून तो प्रश्न गेला नव्हता. मला विचारायची, तू असतीस तर काय म्हणाली असतीस? मी काय सांगणार, कपाळ!

सोमवारी दुकानदाराकडं धुण्याचा दिवस असायचा, म्हणून रविवारी पोचणं भाग होतं. दुपारी बोनेटची गाडी आली. आजी दारापर्यंत आली आणि तिनं रेगीच्या रुमालाची गाठ घट्ट करून दिली. थांब म्हणाली नाही.